हाताला बसणारं पिस्तूल

पिस्तूल घ्यायचं म्हणतोय, असं मी जेवताना सहज बोलून गेलो, तेव्हा बायकोनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि शांतपणे विचारलं, "कुणासाठी?" आई म्हणाली, "ऑफिसात कुणाशी वाजलंय का रे तुझं?" आणि दुसऱ्या दिवशी नवी पेठेत भेटलेला शाळेतला मित्र तर थेट मुद्द्यावरच आला. "का बे, कुणाचा गेम करलालास?" वयाची 47 वर्षं चादरी-टॉवेलच्या घाऊक दुकानात हिशेब लिहिण्यात गेलेल्या, रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरूनही कधी हुज्जत न घातलेल्या माणसाबद्दल घरादाराचं हे मत ऐकून मला जरा बरंच वाटलं.

विषय साधा होता. पुतण्याला नेमबाजीच्या क्लासला सोडायचं-आणायचं काम माझ्याकडं होतं. क्लास एका इमारतीच्या तळघरात. बाहेर एप्रिलचं सोलापूर, म्हणजे डांबरसुद्धा चपलेला चिकटून सावलीत यायला बघतं, आणि आत एसी. पालकांनी बाहेर थांबायचं, असा नियम. नेमबाजांनी मात्र आत तास-दीड तास निवांत उभं राहायचं. नेमबाजीनं मन एकाग्र होतं, श्वासावर ताबा येतो, असं म्हणतात. होत असेल. मी एसीसाठी नाव घातलं.

तसा प्रत्येक सोलापूरकर जन्मजात नेमबाज असतोच. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावर फुगे फोडण्यात आपलं बालपण गेलेलं असतं. त्या स्टॉलवरच्या बंदुकीची नळी एकीकडं बघते, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी दुसरीकडं, आणि स्टॉलवाला तिसरीकडं. मग आपण मधल्या लाल फुग्यावर नेम धरतो आणि कोपऱ्यातला पिवळा फुटतो. दोन-चार वर्षांत अंदाज येतो की लाल फोडायचा तर पिवळ्यावर धरायचं. या शिक्षणाचा पुढं इतका त्रास होतो म्हणून सांगू! सरळ नळीचं हत्यार हातात आलं की आमचा हात आपोआप पिवळ्या फुग्याकडं वळतो. क्लासच्या मॅडम, वय फार तर 25, माझं पहिलं टार्गेट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, सगळे एकाच कोपऱ्यात आहेत. म्हणजे ग्रुपिंग चांगलंय."

क्लासचं पिस्तूल सगळ्यांत मिळून एक. ते शाळेच्या पोरांच्या हातचं. तेव्हा स्वतःचं घ्यायला हवं, इथून खरी कटकट सुरू झाली.

आधी कायदा. आमच्या शेजारचे नाना तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी त्यांच्यातून झालेली नाही. ते म्हणाले, ".22 चं खरं काडतुसाचं घ्यायचं तर परवाना. पोलीस आयुक्तालयात अर्ज, मग चौकशी, मग हत्यार हाताळायचं शिकल्याचा दाखला. आणि समजा मिळालं, तर निवडणूक लागली की आचारसंहितेत नेऊन जमा करायचं." मी म्हटलं, खेळाडूंना त्यात सूट मिळू शकते. नाना म्हणाले, "तू खेळाडू आहेस हे पटवायला किती वर्षं घेशील? तोवर लोकसभा, विधानसभा, महापालिका, झेडपी. पिस्तूल तुझ्यापेक्षा जास्त ठाण्यातच राहील." मुद्दा बिनतोड होता. सुदैवानं 2016 च्या शस्त्र नियमांत एक फट आहे. 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 बोअरचं आणि 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीचं हवेवर चालणारं पिस्तूल असेल तर परवाना लागत नाही. ऑलिंपिकमधलं दहा मीटरचं एअर पिस्तूल यातच बसतं. आधार कार्ड द्यायचं आणि घ्यायचं. "म्हणजे सिमकार्डासारखं," नाना निराश होऊन म्हणाले.

हवेचं म्हटल्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि मित्राचा उत्साह मावळला. पण माझ्या मते हवेचं पिस्तूल निवडण्याइतकं अवघड काम नाही, कारण हवा भरायच्या तऱ्हा तीन-चार आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. सगळ्यात स्वस्त ते स्प्रिंगचं. नळी मोडून दाबायची, स्प्रिंग ताणली जाते, घोडा ओढला की सुटते. पण छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच आतलं धूड पुढं धावतं आणि अख्खं पिस्तूल धक्का खातं, त्यामुळे नेम पिस्तूल ठरवतं, आपण नाही. मला तर गड्ड्याचीच आठवण आली. दुसरं कार्बन डायऑक्साइडच्या गॅसवरचं. ते दुकानात छान चालतं, पण या गॅसचा दाब तापमानाबरोबर वरखाली होतो. ज्या गावात सकाळी सातला अंघोळीचं गार पाणी उकळलेलं येतं, तिथं या गॅसच्या भरवशावर कोण राहणार? (पाणी येतं त्या दिवशीची गोष्ट सांगतोय. रोज कुठलं यायला!)

तिसरं म्हणजे दाबलेल्या हवेचं, आणि स्पर्धेत आज सगळे तेच वापरतात. नळीखाली बोटभर जाड सिलिंडर असतो, त्यात 200 बार दाबानं हवा भरायची. एकदा भरली की शंभरावर छर्रे सहज जातात आणि धक्का जवळपास शून्य. प्रश्न एवढाच की हवा भरायची कुठं? परदेशात म्हणे समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या टाकीवरून भरतात. सोलापुरात बुडी मारणारे पुष्कळ आहेत, पण ते पतसंस्थांमधले. मी आपला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारलं. तो गाडीच्या चाकातून मान न काढता म्हणाला, "तीस मारू का पस्तीस?" म्हटलं, बाबा, तुझ्या हिशेबात 2900. त्यानं मान बाहेर काढली, आधी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या कॉम्प्रेसरकडं, आणि शेजारच्या चहावाल्याला हाक मारून म्हणाला, "साहेबाला आधी पाणी दे." शेवटी हातपंप घ्यायचा ठरला. तो अंगाचं सगळं वजन टाकून दाबावा लागतो. डॉक्टर ज्या व्यायामासाठी तीन वर्षं माझ्या मागं लागले होते, तो असा परस्पर सुरू झाला.

मग कंपनी. क्लासमधल्या पोरांना या नावांचा परवचा पाठ आहे: मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ. आठवीतली एक मुलगी मला स्विस आणि ऑस्ट्रियन ट्रिगरमधला फरक समजावून सांगत होती आणि मी तिच्या वयात स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया नकाशात उलटे दाखवून छडी खाल्लेली. यातलं कुठलंही नवं घ्यायचं तर लाखाच्या वर. बायको म्हणाली, "तेवढ्यात काय काय आलं असतं," आणि गळ्यापाशी हात नेऊन थांबली. मी मनू भाकरचा दाखला दिला, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच एअर पिस्तुलावर दोन कांस्यपदकं. पुतण्या घरचा भेदी. तो लगेच म्हणाला, "पण काकू, टोकियोत त्यांचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं होतं." बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की बिघडलेलं पिस्तूल जणू मीच दुरुस्तीला टाकून विसरलो होतो.

पॅरिसनं आणखी एक घोटाळा केला. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच एक हात खिशात घालून, कानांवर मोठाली टोपणं न चढवता उभा राहिला आणि रौप्य घेऊन गेला. तेव्हापासून नेमबाजी म्हणजे खिशात हात, असं सगळ्यांनी धरलंय. खरं तर एअर पिस्तूल एकाच हातानं मारायचं असतं आणि रिकामा हात लोंबकळत राहिला तर अंग हलतं. म्हणून बरेच जण तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात. हे मित्राला सांगितलं तर त्याला भलतंच वाईट वाटलं. "खिशात हात घालून पदक मिळतंय, आणि आम्ही तीस वर्षं सात रस्त्यावर तसंच उभं हाव की बे!" त्यात पदकं न्यावीत कोल्हापूरकरांनी. तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या, राही सरनोबत कोल्हापूरच्या, पॅरिसला रायफलीत कांस्य घेणारा, तेव्हा रेल्वेत टीसी असलेला स्वप्नील कुसाळे, तोही त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. तांबड्या रश्श्यानं हात थरथरत नाही, असा निष्कर्ष काढून आम्ही शेंगाचटणीवाले गप्प बसलो.

चटणीवरून आठवलं. पिस्तूल साधारण किलोभर असतं आणि ते सरळ हातात, खांद्याच्या उंचीवर धरायचं. स्पर्धेत सव्वा तासात 60 वेळा. घोडा ओढायलाही किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, त्याला वजन टांगून तपासतात. मॅडम म्हणाल्या, पिस्तूल येईपर्यंत घरी किलोभर काहीतरी धरून उभं राहा. घरात किलोच्या मापाची खात्रीची वस्तू एकच होती. शेंगाचटणीचं पाकीट हातात धरून, एक डोळा मिटून, मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एकादशीवर नेम धरून उभा होतो, तेवढ्यात आई आली. थोडा वेळ बघून म्हणाली, "उघडून दिलं असतं की मी."

डोळ्याचंही एक प्रकरणच आहे. मागची साइट (नेम धरायची खाच), पुढची साइट (म्हणजे माशी) आणि टार्गेट या तिन्हींतलं एकच डोळ्याला स्पष्ट दिसू शकतं. ते टार्गेट नव्हे, तर पुढची साइट असली पाहिजे. काळा गोल धूसरच ठेवायचा. तोही गोल सगळा मिळून सहा सेंटिमीटरचा आणि त्यातला दहा गुणांचा मधला भाग 11.5 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. माझ्या चष्म्यात तीन नंबर वरखाली बसवलेत. हनुवटी वर केली तर पिस्तूल दिसतं, खाली केली तर टार्गेट, आणि मधे केली तर क्लासच्या भिंतीवर लावलेली फीची पाटी.

एवढं सगळं झाल्यावर मॅडमनी एक उपाय सांगितला आणि मला वाटतं, यात अख्खी निवड आली. "काका, कंपनी विसरा. पिस्तूल हातात घ्या, डोळे मिटा, हात उचला, आता उघडा. दोन्ही साइट सरळ रेषेत आल्यात का? आल्या तर पिस्तूल तुमचं. नाही आल्या तर दुसऱ्याचं, मग ते सोन्याचं असू दे." मूठ लाकडाची असते, तिच्यात लहान, मध्यम, मोठी अशी मापं येतात, आणि तळहाताखाली एक फळी असते, ती स्क्रूनं वरखाली होते. हाताचं आणि मुठीचं जमलं की घड्याळाच्या काट्यागत पिस्तूल आपल्या जागी येऊन थांबतं. नाही जमलं, तर 60 वेळा मनगट वाकडं करून सरळ करत बसा.

शेवटी जुळे सोलापुरातल्या एका मुलाचं जुनं घ्यायचं ठरलं. तो इंजिनिअरिंगला पुण्याला चालला होता. व्यवहार त्याच्या वडिलांनी केला, आणि जुनी स्कूटर विकताना करतात तसाच केला. "एकहाती आहे. आमच्याशिवाय कुणी वापरलं नाही." एक हातानंच वापरतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. मॅडमनी बजावल्याप्रमाणे सिलिंडरवर कोरलेली तारीख बघितली. दहा वर्षांनी तो बाद करायचा असतो, त्यातली निम्मी उरली होती. रात्रभर भरून ठेवून सकाळी काटा हलला नाही ना, तेही बघितलं. डोळे मिटून हात उचलला, उघडले. साइट जवळजवळ सरळ. मधे थोडं डावीकडं सरकतंय. मूठ मध्यम, माझा पंजा मोठा. मॅडम म्हणाल्या, तेवढं तासून घ्या, सगळेच तासतात.

कुठं तासायचं हे कळायला हाताला रंग लावून मूठ धरायची, जिथं जास्त टेकतं तिथं ठसा उमटतो. घरात रंग म्हणजे देवघरातलं कुंकू. पिस्तूल कपाटात कुलपात, त्याची सुटी केलेली मूठ माझ्या हातात आणि उजवा पंजा मनगटापर्यंत लाल, अशा अवस्थेत मी देवघरातून बाहेर पडलो आणि नेमके नाना दारात. ते काही बोलले नाहीत. आल्या पावली चप्पल घालून परत गेले.

मूठ घेऊन मी दारं-खिडक्या करणाऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं अक्रोडाचं लाकूड नाकाला लावून वास घेतला, कुंकवाच्या ठशांवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि कानस काढली. मोठा कसबी माणूस. दोन-चार हात मारायचा, फुंकर घालायचा, मूठ धरून बघायचा, परत मारायचा. अंगठ्याखालचा उंचवटा उतरवला, करंगळीची खाच खोल केली, शेवटी पॉलिश पेपर फिरवून, डोळे मिटून हात लांब केला आणि खूश होऊन म्हणाला, "बघा साहेब, कसं गच्च बसलंय!"

मी हात पुढं केला. मूठ माझ्या हातात सुपारीगत खुळखुळली. त्याच्या हाताला मात्र खरंच गच्च बसली होती, कारण तो दर वेळी स्वतःच्याच हातात धरून बघत होता. त्यालाही ते एकदमच लक्षात आलं असावं. थोडा वेळ आम्ही दोघं त्या मुठीकडं बघत राहिलो.

"टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "पुट्टी मारून भरून देतो. आठ दिवस लागतील वाळायला." मग मूठ परत न देता त्यानं जरा चाचरत विचारलं, "साहेब, ते बाकीचं पिस्तूल केवढ्याला मिळतं म्हणालात?"