‘नेव्हिगेशन’ आणि ‘नवगती’: त्या फॉरवर्डला उत्तर

‘नौकानयनाची कला ६००० वर्षांपूर्वी सिंधू नदीत जन्मली. नेव्हिगेशन हा शब्द संस्कृत नवगतीवरून आला आणि नेव्ही हा नौ वरून.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. चांगली शिकलीसवरलेली माणसंही तो अभिमानाने पुढे पाठवतात. संस्कृतवर माझं प्रेम आहे, म्हणूनच तिच्या नावावर हे खपवलेलं मला बघवत नाही.

आधी ‘नवगती’. संस्कृतात नव म्हणजे नवा किंवा नऊ. नौ आणि गति यांचा समास केला तर ‘नौगति’ होईल, ‘नवगति’ नाही. म्हणजे दावा व्याकरणातच अडकतो.

नेव्हिगेशन आला लॅटिन ‘नाविगारे’ या क्रियापदावरून. ‘नाविस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. लॅटिनमध्ये याच घडणीची आणखी क्रियापदं आहेत: ‘रेमुस’ म्हणजे वल्हं, त्यावरून ‘रेमिगारे’, वल्हवणे, ‘फूमुस’ म्हणजे धूर, त्यावरून ‘फूमिगारे’, धुरी देणे. तिथे कुठली आलीय गती? खरं तर ‘आगेरे’चं नातं संस्कृत ‘अज्’ धातूशी आहे, अजति म्हणजे हाकतो. ‘गति’ ज्या ‘गम्’ धातूपासून होते, त्याचा लॅटिन नातलग ‘वेनिरे’, म्हणजे येणे. ‘गेशन’ आणि ‘गती’ कानाला सारखे वाटतात, इतकंच.

नेव्हीचं थोडं वेगळं. नौ आणि नाविस यांचं नातं खरंच आहे, पण ते भावंडांचं, मायलेकींचं नव्हे. ग्रीक ‘नाउस’, फारसी ‘नाव’, आपली नाव, सगळी एकाच प्राचीन मुळाची. इंग्रजीत नेव्ही आला तो लॅटिनमधून, जुन्या फ्रेंचमार्गे. कोळीवाड्यातला ‘नाखवा’सुद्धा याच कुळातला: फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. किनाऱ्यावरचे शब्द असेच बंदराबंदरांतून आले. बंदर आणि दर्या फारसी, सुकाणू अरबी, कप्तान पोर्तुगीज. तरी सत्तेचं सुकाणू कुणाच्या हाती, हे आपण अस्सल मराठीतच विचारतो. उसने शब्द घेऊन भाषा लहान होत नाही.

६००० वर्षांचा आकडाही टिकत नाही. हडप्पा संस्कृतीची भरभराट इ.स.पू. २६०० च्या सुमारास सुरू झाली. नेदरलँड्समध्ये पेस गावाजवळ १९५५ साली सापडलेली, एका ओंडक्यातून कोरलेली होडी सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची आहे. ऑस्ट्रेलियात माणूस पोचला तो त्याच्याही हजारो वर्षं आधी, आणि समुद्र ओलांडल्याशिवाय तिथे जाताच येत नव्हतं.

मग आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही का? भरपूर आहे! प्राचीन मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, अक्कदचा राजा सार्गोन आपल्या लेखात मिरवतो की मेलुहाची जहाजं त्याच्या धक्क्याला लागतात, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावं आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ११६ व्या सूक्तात तर भर समुद्रात संकटात सापडलेल्या भुज्यू नावाच्या माणसाला अश्विनीकुमार सोडवतात. जिथे आधार नाही, उभं राहायला जागा नाही, धरायला काही नाही असा तो समुद्र, आणि भुज्यू ज्या नावेत चढतो तिला शंभर वल्ही: ‘शतारित्रां नावम्’. नवगतीचा मजकूर पुन्हा आला, तर उत्तरादाखल ही ऋचा पाठवा.