कोऱ्या चेहऱ्याचा शब्द

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. धाकट्याला गावच्या मराठी शाळेतून काढून धुळ्याला इंग्रजी माध्यमात घालायचं चाललंय, तुला काय वाटतं, म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तू तिकडे इंग्लंडात बसून मराठीचं कौतुक सांगू नको. तुझं सगळं इंग्रजीवरच झालं."

तिचं खोटं नाही. इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय इथे नर्स म्हणून माझी नोंदणी होणार नव्हती. अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मला ती दोनदा द्यावी लागली. म्हणून मी तिला माध्यमाचं काही न बोलता एका शब्दाचं सांगितलं.

शब्द 'अफेक्ट'. आम्हाला पाठ होतं: अफेक्ट म्हणजे क्रियापद, परिणाम करणे; इफेक्ट म्हणजे नाम, परिणाम. इथे मानसिक आजारांच्या वॉर्डात लागले, तर पहिल्याच आठवड्यात एका आजींच्या कागदावर 'फ्लॅट अॅफेक्ट' लिहिलेलं. मला वाटलं, औषध लागू पडत नाही. तसं बोलूनही गेले. सीनियर नर्सने बाजूला बसवून समजावलं. हे नाम आहे, जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा. रुग्ण स्वतःच्या मनाचं सांगतो तो मूड. आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर, आवाजात भावना दिसते, किंवा दिसत नाही, तो अॅफेक्ट. आजी मुलगा गेल्याचं सांगत होत्या आणि आवाज मात्र किराणा मालाची यादी वाचावी तसा.

त्या क्षणी मला आमच्या गल्लीतली एक बाई आठवली. नवरा गेला आणि तिच्या डोळ्यात टिपूस नाही. माझी आई घरी येऊन म्हणाली होती, "तिना चेहरा कोरा पडी गया." मग चार बायका तिच्याजवळ बसून राहिल्या, ती रडेपर्यंत. हा शब्द मला वॉर्डातल्या नर्सने शिकवला, पण कळला तो आईच्या अहिराणीमुळे.

क्रियापद म्हणून 'अफेक्ट'चा आणखी एक अर्थ आहे, आव आणणे. लॅटिनमधल्या दोन जवळच्या क्रियापदांतून ही सगळी भावंडं आली. त्यामुळे इंग्रजीत पुराचा फटका बसलेला शेतकरीही 'अफेक्टेड' आणि ओढूनताणून बोलणारा माणूसही 'अफेक्टेड'. 'अफेक्शन' म्हणजे तर माया. आपल्याकडे बाधा वेगळी, आव वेगळा, माया वेगळी. गावात रात्री निघायची ती सोंगं आणि शाळा बुडवायला पोट धरून बसायचं ते सोंग, यातला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. 'इन्फ्लुएन्स'चंही तसंच. ग्रहताऱ्यांतून माणसावर वाहत येतो तो प्रभाव, हा त्याचा जुना अर्थ, आणि इटालियनमधून आलेला इन्फ्लुएन्झा त्याच घरचा. साडेसाती ऐकत वाढलेल्या मुलाला हे सांगायला कितीसा वेळ लागतो?

गावाकडच्या बातम्या मी रोज वाचते. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, २९ जूनला मागे घेतला गेला. त्याआधी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, मराठी अभिजात झाली. इंग्रजी तर मराठी शाळांत पहिलीपासून २००० सालापासूनच आहे. कुठली भाषा कोणत्या इयत्तेत, यावर रान उठतं. मुलाला नवा शब्द कोणत्या शब्दांच्या आधाराने समजतो, हे मला त्या गदारोळात फारसं दिसलं नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण माझा भाचा वर्गात 'माले', 'तुले' बोलला की त्याला अजून 'नीट बोल' ऐकावं लागतं. आता घरची भाषा चुकीची, शाळेची मराठी अर्धी कच्ची, आणि त्यावर सगळे विषय इंग्रजीतून. तो समजल्याचा आव आणेल, दुसरं काय करेल?

इथे जन्माने इंग्रज असलेली माणसंसुद्धा अफेक्ट-इफेक्टमध्ये चुकतात. दुसरा दुरुस्त करतो, काम पुढे चालतं. आपल्याकडे इंग्रजीत चुकलं की हसतात, म्हणून पोरं विचारायचंच सोडतात.

ताईला म्हटलं, मराठी शाळेतच राहू दे. इंग्रजी मी रोज फोनवर घेईन. दे त्याला.

त्याने अफेक्ट-इफेक्टचा नियम घडाघडा म्हटला. वाक्य कर म्हटलं तर गप्प.

"बरं, यंदा कापसाचं काय झालं?"

"पानी भलता पडना, मावशी. बोंडं सडी ग्यात."

"पाण्याने कापसाला जे केलं ते अफेक्ट. मग इफेक्ट काय?"

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "पप्पा आठ दिवस कोणाशी बोलतच नाहीत. जेवताना पण नाही."

तिसरा शब्द, चेहऱ्याचा, मी त्याला त्या दिवशी सांगितला नाही. म्हटलं, "पप्पांना फोन दे बाळा."