नाक कुणाचं?

कागदाचा मुखवटा चार दिवसांत खडखडीत वाळतो, असं जो सांगतो त्यानं आषाढातली सांगली बघितलेली नसते. आमचा राक्षस सातव्या दिवशीही शिळ्या घावनासारखा लोंबत होता. गॅलरीत टांगला की सर यायची. घरात पंख्याखाली ठेवला की आई म्हणायची, "घाल त्याला वारा. मी बसते इथं घामाघूम."

मुखवटाच का, असं बायकोनं एकदाच विचारलं. मी १८४३ सालापासून सुरुवात केली. ह्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतात तो त्यामुळंच, आणि त्या काळच्या खेळांत राक्षस 'अलल डुर्र' असं ओरडत यायचे, वगैरे.

"म्हणजे आता तुम्ही अलल डुर्र करणार?"

"नाही गं. राक्षस करणार आणि ठिकठिकाणी नेऊन त्याचे फोटो काढणार."

तिनं ज्या नजरेनं बघितलं, त्यापेक्षा ओरडणं परवडलं असतं.

कृती सोपी आहे. फुगा फुगवायचा, त्याच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून सहा थर चिकटवायचे, वाळला की फुगा फोडायचा. पट्ट्या कात्रीनं कापायच्या नाहीत, हातानं फाडायच्या. फाडलेल्या कडेचे तंतू एकमेकांत गुंततात, कापलेली कड मात्र शेवटपर्यंत पायरीसारखी उठून दिसते. हे मला सहाव्या थराला कळलं. फुगा रात्रीच्या गारव्यानं आकसतो, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तोवर राक्षसाचं कपाळ आत गेलं होतं. "विचार करून करून झालं असेल," बायको म्हणाली. "तुमचं होत नाही तसं."

खळीत मोरचूद टाक, नाहीतर किडे खातील, असं आईनं बजावलं होतं. वह्या बांधणारे टाकतात. पण माझ्या पातेल्यात ते विष शिजणार नाही, असं स्वयंपाकघरातून ठणकावून सांगण्यात आलं. दोघींच्या मध्ये मी बोललो नाही. नवव्या रात्री झुरळांनी राक्षसाचा डावा कान खाल्ला. नवा कान करून तो वाळवण्याची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून माळ्यावरच्या ट्रंकेतला एक जुना चौकड्याचा मफलर काढला आणि दोन्ही कान झाकून हनुवटीखाली गाठ मारली. दाढ दुखणारा राक्षस दिसला. दिसू दे.

नाकानं मात्र अंत बघितला. लगद्याचं नाक लावावं आणि ते सावकाश ओघळत ओठावर येऊन बसावं, असं चार वेळा झालं. शेवटी आत बाटलीचं बूच घातलं. त्याबरोबर नाक असं काही तरतरीत उभं राहिलं की मी स्वतःवरच खूश झालो.

बायको बघून म्हणाली, "अगंबाई, हुबेहूब तुमच्या आत्या!"

आई आतून आली. चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितलं. "माझ्या नणंदेचं नाक कुठलं एवढं? हे तर ह्याच्या सासऱ्यांचं आहे."

पुढचे दोन दिवस आमच्या घरी आमटीला मीठ नव्हतं.

आता रंग. सांगलीत राहून पिवळा रंग विकत आणायचा ही मला नामुष्की वाटली. घर रंगवून उरलेला चुना अस्तर म्हणून फासला आणि ओल्या चुन्यावरच डब्यातली हळद कालवून लावली. बघता बघता राक्षस लालभडक झाला. चुना लागला की हळद लाल होते, जुन्या बायका घरी कुंकू असंच करायच्या, हे ज्ञान मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, कोपरापर्यंत लाल हातांनी मिळालं.

पहिला फोटो गच्चीवर, भर दुपारी, आषाढातलं चुकून पडलेलं ऊन बघून. डोक्यावरच्या उन्हात नाकाची सावली ओठावर पडली आणि राक्षसाला मिशा फुटल्या. ऊन कलतं हवं, बाजूनं यायला हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आयर्विन पुलावर गेलो. मुखवटा कठड्यावर टेकवून वाकलो, तोच मागं एक स्कूटर थांबली.

"किती फूट झालंय?"

पावसाळ्यात आयर्विनवरून खाली बघणारा माणूस सांगलीत दुसरं काही करत असेल, हे कुणाला पटत नाही. हा पूल १९२९ चा. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळिसाला धोका, हे इथं पोरांना पाढ्याआधी पाठ होतं. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून तर कुणी चेष्टाही करत नाही. मी म्हटलं, "फोटो काढतोय." स्कूटरवाल्यानं मुखवट्याकडं बघितलं. "नाक आमच्या सायबाचं घेतलंय व्हय?" पाच मिनिटांत सातजण जमले. सहाजणांनी पाण्याची पातळी विचारली, सातव्यानं नाकाचा मालक सांगितला.

मग हरिपूर. कृष्णा आणि वारणा भेटतात तिथं, संगमेश्वराच्या बाजूच्या घाटावर. ह्या गावात जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे, आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही. मला झुरळं आठवली. पायरीवर मुखवटा ठेवून मी कोन शोधत मागं सरकत होतो, एवढ्यात एक आजी आल्या, लालभडक तोंड बघून वाकल्या आणि राक्षसाच्या तोंडात दहाचं नाणं ठेवलं.

"कुठल्या देवीचा वो?"

"आजी, राक्षस आहे तो."

"असंना का. मफलर कुणी बांधला? थंडी वाजती व्हय त्याला?"

त्यांनी पदराच्या टोकानं त्याच्या कपाळाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी टिपलं. चाळीस फोटोंतला तेवढा एकच बरा आला आहे, आणि त्यात अर्ध्याहून जास्त पदर आहे.

घरी आलो तर समोरचं बांधकाम करणारे ठेकेदार दारात उभे. इमारतीला दृष्ट लागू नये म्हणून मुखवटा हवा होता. बाजारातले सगळे एकाच साच्यातले वाटतात म्हणे. हा बघून माणूस थबकतो. मी पैसे नको म्हणालो, बायकोनं घेतले.

दोन महिने तो समोरच्या बांधकामाच्या परांचीवर, आमच्या गॅलरीकडं तोंड करून लटकला. नशिबानं स्लॅबखाली होता. उन्हाला हळद टिकत नाही. लाल उतरत उतरत दसऱ्यापर्यंत तो चांगला गव्हाळ झाला.

दसऱ्याला मिरजेहून सासरे सोनं द्यायला आले. आई आणि बायको दोघी श्वास रोखून त्यांच्या नाकाकडं बघत होत्या. चहाचा कप घेऊन ते गॅलरीत गेले आणि तिथंच थांबले.

"जावईबापू, हे तर आमचे व्याही!"

मी बघितलं. गव्हाळ रंग, आत गेलेलं कपाळ, चौकड्याचा मफलर हनुवटीखाली गाठ मारून. बाबा ह्याच गॅलरीत, ह्याच मफलरात उभे राहून गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर खेकसायचे.

आई कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. चष्मा न लावताच तिनं बराच वेळ समोर बघितलं.

"तरीच," ती म्हणाली, "गणपतीपासनं पोरं बॉल घेऊन पलीकडच्या गल्लीत जायला लागलीत."