दहा जणांचा प्रश्न आणि बंद दारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

करोनाच्या काळात मुंबई-ठाण्यातील आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांचे समाजजीवन कसे टिकले, यावर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. लेखाखाली दोन ओळींत उत्तर देणे आपल्या मुद्द्यांना न्याय देणारे झाले नसते, म्हणून हे स्वतंत्र उत्तर लिहीत आहे.

आपला मुख्य आक्षेप असा आहे की, ज्या धर्मात दहा पुरुष प्रत्यक्ष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थनाच पूर्ण होत नाही, त्या धर्माच्या लोकांनी प्रार्थनास्थळाला महिनोन् महिने कुलूप लावले आणि तरीही ‘आमचे काहीच थांबले नाही’ असे म्हटले, तर ती स्वतःची समजूत घालणे झाले. मोबाइलच्या पडद्यावर चेहरे दिसले म्हणजे समाज जमला असे होत नाही, हे आपले दुसरे म्हणणे. न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन आणि इस्राएलमधील ब्नेई ब्राक येथील ज्यू वस्त्यांत नियम मोडून गर्दी झाली, त्याकडे मी सोयीस्कर दुर्लक्ष केले, हे तिसरे. आणि शेवटी आपण विचारले आहे की, चार-पाच हजारांच्या समाजाने दारे लावून घेतली यात एवढे सांगण्यासारखे काय आहे?

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तोच सर्वांत खरा आहे. आमच्याकडे तेरा वर्षांवरील दहा पुरुषांच्या जमावाला मिन्यान म्हणतात. एकट्याने घरी प्रार्थना करता येते आणि करावीच लागते. परंतु तोराचे, म्हणजे आमच्या मुख्य धर्मग्रंथाचे, गुंडाळे कपाटातून काढून त्याचे सामुदायिक वाचन करणे, ‘केदुशा’ ही देवाच्या पावित्र्याची प्रार्थना म्हणणे आणि मृताच्या मुलांनी अकरा महिने ‘कद्दीश’ ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणणे, या गोष्टी दहा जणांशिवाय होत नाहीत. घरात नऊ माणसे असली तरी कद्दीश म्हणता येत नाही. त्यामुळे मार्च २०२० मध्ये सिनेगॉग, म्हणजे आमचे प्रार्थनास्थळ, बंद झाले तेव्हा या तीन गोष्टी बंद झाल्या, आणि त्यांच्या जागी दुसरे काही उभे राहिले असा दावा मी करणार नाही. माझ्या लेखात तसा सूर लागला असेल तर चूक माझी आहे.

मात्र दारे लावणे म्हणजे धर्म बाजूला ठेवणे, हे जे आपण गृहीत धरले आहे, ते मला मान्य नाही. तोरातील लेवीय पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, देवाचे नियम पाळणारा माणूस त्यांच्या योगे जगेल, असे म्हटले आहे, आणि तालमूद या धर्मनियमांच्या ग्रंथाने त्याचा अर्थ लावला आहे की, नियमांनी जगावे, त्यांच्यापायी मरू नये. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, मोडावा लागला तर तो मोडणे हेच कर्तव्य ठरते. मूर्तिपूजा, व्यभिचार आणि हत्या एवढे तीन अपवाद सोडले तर हा नियम इतर सगळ्या आज्ञांच्या वर आहे. ही टाळेबंदीत शोधलेली पळवाट नव्हे. १८३१ मध्ये युरोपातील पोझन शहरात पटकीची साथ आली तेव्हा तेथील थोर धर्मपंडित रब्बी अकिवा एगर यांनी सिनेगॉगमध्ये एका वेळी पंधराच माणसांनी प्रार्थना करावी, असा दंडक घातला होता. म्हणजे गर्दी टाळणे हाही धर्माचाच आदेश होता. करोनात दहा जणसुद्धा जमणे धोक्याचे होते, एवढाच फरक.

आता आमच्या स्वतःच्या इतिहासाकडे येते, कारण आपल्या प्रतिक्रियेत तो कुठेच नाही, आणि खरे तर माझ्या लेखातही तो यायला हवा होता. आमचे पूर्वज नौगावजवळ फुटलेल्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागले, अशी आमची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. या समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईच्या मांडवी भागात बांधले. जुनी माणसे त्याला मशीदच म्हणत आणि शेजारच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात. तत्पूर्वी पेणकर, रोहेकर, दिवेकर, नौगावकर अशी गावांची नावे लावणाऱ्या या कुटुंबांजवळ सिनेगॉग नव्हते, रब्बी नव्हते, हिब्रू पोथ्या नव्हत्या. होते ते शनिवारचे काम बंद ठेवणे, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. हे सगळे घरात, उंबऱ्याच्या आत सांभाळले गेले.

त्या काळात आमच्या सणांना मराठी नावे होती. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाला, ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. दरफाळणी म्हणजे दारे लावून घेणे. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दार बंद करून, कोणाचा स्पर्श होऊ न देता घरातच उपवास करायचा, अशी रीत होती. पुढे सिनेगॉग झाली, तसा हा दिवस तिथे सर्वांनी मिळून घालवायचा झाला आणि जुने नाव पुस्तकांत उरले. महाराष्ट्रातील धार्मिक स्थळे मार्च २०२० पासून बंद होती, ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. या तारखांशेजारी आमचे पंचांग ठेवून पाहावे. दोन्ही वर्षी नव्या वर्षापासून सिम्हा तोरा या अखेरच्या सणापर्यंतचे आमच्या तिश्री महिन्यातील सगळे सण बंद दारांच्या काळात आले. दोन वर्षे लागोपाठ आम्ही दरफाळणीचा सण त्याच्या नावाप्रमाणे पाळला. आमच्या घरी आईने कपाटातून पांढरी साडी काढली, सकाळीच दाराची कडी लावली, आणि आम्ही पाचही जण एका खोलीत संध्याकाळपर्यंत पोथी घेऊन बसलो. शेजारच्या इमारतीत माझी मावशीही तशीच बसलेली आहे, हे आम्हाला ठाऊक होते. आपण याला समाज म्हणणार नाही, कदाचित. मी म्हणते.

पडद्याबद्दल आपण जे लिहिले आहे, त्यावर ज्यू जगातच मोठा वाद झाला आहे, आणि आपण नकळत त्यातील एका बाजूला उभे आहात. अमेरिकेतील कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मनियम समितीने मार्च २०२० मध्ये आणीबाणीपुरती पडद्यावरच्या मिन्यानला वाट मोकळी केली. परंपरानिष्ठ (ऑर्थोडॉक्स) रब्बींनी ती नाकारली, कारण त्यांच्या मते दहा जण एका जागी असणे हाच मिन्यानचा अर्थ आहे. इस्राएलमध्ये लोक आपापल्या सज्जात उभे राहून, एकमेकांना दिसतील आणि ऐकू येतील अशा रीतीने प्रार्थना करू लागले. आम्ही परंपरेने चालणारी माणसे असल्यामुळे झूमवर मिन्यान धरला नाही. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी अर्धा तास आमची दहा-बारा कुटुंबे मोबाइलवर जमत, प्रार्थना चालवणारे हजान एखादे स्तोत्र म्हणत, कोण आजारी आहे याची चौकशी होई, आणि शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी सगळे फोन बंद होत. म्हणजे ज्या क्षणी प्रार्थना सुरू व्हायची, त्या क्षणी पडदा मिटलेला असे. पडद्याला आम्ही सिनेगॉगची जागा दिली नाही. फार तर सिनेगॉगच्या पायऱ्यांची दिली, जिथे माणसे आत जाण्यापूर्वी चार शब्द बोलतात.

त्या वर्षीचा वल्हांडण, म्हणजे पेसाह, ८ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला. टाळेबंदीला दोनच आठवडे झाले होते आणि आमच्याकडे मात्झा पोहोचली नव्हती. मात्झा म्हणजे बिनखमिराची भाकरी. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे, नाहीतर पीठ आंबले असे धरतात. आईने हजानांना फोन करून सगळे विचारून घेतले, पाणी न लागलेले गहू निवडले आणि स्वच्छ केलेल्या घरघंटीवर दळले. माझा भाऊ घड्याळ घेऊन उभा राहिला. एका वेळी दोनच भाकऱ्यांपुरते पीठ भिजवायचे, लाटायचे, सुरीच्या टोकाने टोचायचे, कोरड्या तव्यावर टाकायचे, आणि पुढचे पीठ घेण्याआधी परात व हात धुऊन कोरडे करायचे. पहिल्या दोन करपल्या. सोळाव्या मिनिटाला तिसरी उतरली तेव्हा आई खाली बसली आणि रडली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादामध्ये (वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत) साडी नेसून, जमिनीवर बसून मात्झा करणाऱ्या बायकांचे चित्र आहे. ते मी लहानपणापासून पाहत आले होते, पण ते काम किती घाईचे आणि घामाचे असते, हे त्या दिवशी कळले. सूर्यास्तापूर्वी अश्दोदच्या चुलतभावंडांना फोन लावला. त्यांच्याकडे दुपारचे चार वाजले होते आणि त्या रात्री इस्राएलमध्येही संचारबंदी होती. त्यांनी आईची भाकरी कॅमेऱ्यात पाहिली, आम्ही काळ्या मनुकांचे सरबत पेल्यांत ओतले, आणि फोन ठेवून दिला.

ब्रुकलिन आणि ब्नेई ब्राकबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. एप्रिल २०२० मध्ये ब्नेई ब्राकची नाकेबंदी करावी लागली, आणि त्याच महिन्यात ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये एका रब्बींच्या अंत्ययात्रेला मोठी गर्दी झाली. जीव वाचवण्याची आज्ञा त्यांच्याही पोथीत आहे. ती तिथे पाळली गेली नाही, याचे मला दुःख आहे. मी माझ्या समाजाबद्दल लिहीत होते, एवढेच माझे उत्तर.

आपल्या ‘चार-पाच हजार’ या शब्दांपाशी मात्र थोडे थांबते. १९४८ नंतर आमची बहुतेक माणसे इस्राएलला गेली, त्यामुळे इथल्या कित्येक सिनेगॉगमध्ये आजार नसलेल्या दिवसांतही दहा माणसे जमवणे हे रोजचे काम असते. सिनेगॉगची व्यवस्था पाहणारे गबाई सकाळी फोन करतात, कोणी कामावर जाण्याआधी येतो, कोणी लांबून लोकलने येतो. मोठ्या समाजात दार बंद झाले तर ते पुन्हा उघडेल याची खात्री असते. आमच्यात मात्र ही फोन करण्याची सवय एकदा मोडली तर मिन्यान कायमचा मोडू शकतो, ही भीती होती. म्हणून टाळेबंदीतही आमचे गबाई त्याच माणसांना त्याच वेळी फोन करत राहिले. येण्याचे निमंत्रण द्यायचे नव्हते. औषध आहे का, किराणा मिळाला का, एवढेच विचारायचे होते. या यादीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध बायकाही आल्या, ज्यांची गणना मिन्यानमध्ये होत नाही आणि ज्यांना एरवी असा फोन आला नसता.

एक गोष्ट लेखात मी टाळली होती, आणि आपल्या प्रतिक्रियेमुळे ती लिहिणे भाग आहे. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने, करोनाने मृत्यू आलेल्या सर्वांचे धर्म न पाहता दहन करावे, असे परिपत्रक काढले. ते त्याच दिवशी बदलले गेले आणि दफनाला वाव मिळाला. पण ज्या धर्मात दहन निषिद्ध आहे, त्या घरांतील म्हाताऱ्या माणसांनी ते काही तास कसे काढले असतील, हे मी आमच्या घरात पाहिले. जुलैमध्ये आमचे एक काका गेले. मृतदेहाला विधिपूर्वक स्नान घालून पांढरे कफन नेसवणे हा आमच्यातील सर्वांत मोठा धर्म मानतात, कारण त्याची परतफेड मृत माणूस करू शकत नाही. ते स्नान घालता आले नाही. कबरस्तानात सहा माणसे होती. चुलतभावाला कद्दीश म्हणता आले नाही. हजानांनी त्याला सांगितले की, वडिलांच्या नावाने रोज मिश्ना या जुन्या धर्मनियमसंग्रहाचा एक उतारा वाच आणि दान दे, कारण हिब्रूत ‘मिश्ना’ आणि ‘नेशामा’, म्हणजे आत्मा, ही दोन्ही त्याच चार अक्षरांची बनतात. त्याने ते चार महिने केले. काकू मात्र मला म्हणाली, “वाचतो तो. पण आमेन म्हणायला कोणी नाही गं.”

१६ नोव्हेंबरला सोमवार होता, म्हणजे तोरा वाचण्याचा दिवस. आमचे दार उघडले. गबाईंनी आदल्या रात्री सगळ्यांना फोन केले होते आणि या वेळी ते बोलावण्यासाठीच होते. मी वर बायकांच्या सज्जात काकूशेजारी बसले होते. खाली अंतर ठेवून, मुखपट्टी लावून माणसे येत होती आणि आम्ही दोघी मोजत होतो. अकरा जण आले. चुलतभाऊ उठला आणि त्याने वडिलांसाठी पहिल्यांदा कद्दीश म्हटला. पहिल्या ओळीनंतर खालून जो ‘आमेन’ आला तो काकूने डोळे मिटून ऐकला. जुलै ते नोव्हेंबर या चार महिन्यांचा कद्दीश मात्र कधीच भरून निघाला नाही, आणि अशी एकाहून अधिक घरे आमच्यात आहेत.

म्हणून आपल्या आक्षेपानंतर मी मूळ लेखातील एक वाक्य बदलले आहे. ‘आमचे काहीच थांबले नाही’ हे शब्द काढून तिथे लिहिले आहे : ‘कद्दीश थांबला, तोरावाचन थांबले, मृतांचे स्नान थांबले, गबाईंचे फोन थांबले नाहीत.’ शेष लेख मी आहे तसाच ठेवला आहे.

आपली नम्र,
लेखिका