पुल रॉडचे आटे आणि ‘जवळच्या मापाची डाय’

मराठवाड्यातील ऑर्केस्ट्रा-वादकांच्या आणि टर्नर-फिटर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. पेडल स्टील गिटारचा (पेडल दाबून तारांचे सूर बदलणाऱ्या, आडव्या ठेवून वाजवायच्या गिटारचा) पुल रॉड, म्हणजे पेडलची ओढ तारेपर्यंत नेणारी बारीक सळई, तुटला किंवा त्याचे आटे गेले, तर अमेरिकेतून सुटा भाग मागवण्याची गरज नाही, असे तो सांगतो. रॉडची आट्यांवरची जाडी मोजा, तिच्या जवळची मेट्रिक डाय (रॉडवर आटे कापणारे मिलिमीटर मापाचे साधन) घ्या, कारण शेवटी सगळे आटे ६० अंशांचेच असतात; स्टेनलेस कठीण असल्याने रॉड आधी लाल करून घ्या; मग व्हाइसमध्ये धरून डाय फिरवा; आटे थोडे सैल झाले तरी नायलॉनचा नट ते सांभाळून घेतो, असा त्याचा सारांश आहे. रॉड इथेच होऊ शकतो, हे मान्य आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत याहून कितीतरी नाजूक कामे रोज होतात. संदेशात सांगितलेल्या रीतीने मात्र तो होणार नाही.

पेडल किंवा गुडघ्याचा लीव्हर दाबला की आडवा दांडा फिरतो, त्यावरील बेलक्रँक, म्हणजे छोटी तरफ, पुल रॉडला ओढतो आणि रॉडच्या दुसऱ्या टोकावरचा नायलॉनचा नट चेंजरच्या (तारेचा ताण बदलणाऱ्या भागाच्या) फिंगरला खेचून तारेचा सूर बदलतो. तो नट फिरवूनच वादक सुराचा शेवटचा बिंदू जुळवतो. अनेक वाद्यांत हा रॉड ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिमी जाडीचा असतो, तर काही जुन्या वाद्यांत १/८ इंच, म्हणजे ३.१८ मिमी.

संदेशाची खरी चूक जाडीच्या मुद्द्यात आहे. आटे दोन रीतींनी होतात. डायने आटे पाडताना धातू कापून काढला जातो, त्यामुळे आट्याचा माथा मूळ रॉडच्या जाडीपेक्षा वर जात नाही. रोलिंगमध्ये मात्र कठीण साचे रॉडवर दाबले जातात, खाचेतला धातू सरकून माथ्यावर चढतो आणि आट्यांचा भाग मूळ रॉडपेक्षा जाड होतो. सायकलच्या चाकाची तार हातात घेऊन तिच्या टोकाकडे नख फिरवले, तर ही चढण सहज लागते. आता ३/३२ इंचाच्या रॉडवर अमेरिकी मापातले क्रमांक ४ चे, इंचाला ४० या हिशोबाचे आटे रोल केले आहेत असे समजा. या आट्यांचा पिच व्यास, म्हणजे माथा आणि तळ यांच्या मधला व्यास, २.४३ मिमी आहे, म्हणजे रॉडच्या जाडीच्या अगदी जवळ, म्हणून ते रोल होऊ शकतात. तयार आट्यांचा बाहेरचा व्यास २.८ मिमीच्या आसपास भरतो. संदेश वाचून कारागीर आट्यांवर व्हर्नियर लावील, २.८ च्या जवळची म्हणून एम ३ ची, म्हणजे ३ मिमीच्या मेट्रिक मापाची, डाय काढील आणि २.३८ मिमीच्या नव्या रॉडवर चढवील. एम ३ च्या आट्याचा तळाचा व्यासच साधारण २.३९ मिमी असतो. डाय रॉडवरून जवळजवळ काही न कापता आरपार जाईल! इंचाला ४० ची योग्य डाय आणली तरी त्या रॉडवर आट्यांची खोली जेमतेम चाळीस टक्के मिळेल, कारण मूळ आटे कापलेले नव्हतेच.

जाड रॉडवर फसगत वेगळी होते. १/८ इंचाच्या रॉडवर क्रमांक ५ चे, इंचाला ४० आटे नेमके बसतात. त्यांची पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, ०.६३५ मिमी आहे आणि एम ३ ची ०.५ मिमी. दर आट्याला ०.१३५ मिमीचा फरक पडत जातो, म्हणजे चौथ्या आट्यापर्यंत तो एम ३ च्या पूर्ण पिचहून अधिक होतो. जुना नट त्या रॉडवर नीट चढणार नाही, आणि जबरदस्तीने चढवला तर त्याच्या आतले आटे कायमचे बिघडतील.

म्हणून आधी पिच मोजावी. जुन्या रॉडच्या शाबूत भागावर पट्टी ठेवून अर्ध्या इंचातले, म्हणजे १२.७ मिमीतले आटे भिंगाखाली मोजावेत. इंचाला ४० असतील तर २० भरतात, ४८ असतील तर २४, एम ३ असेल तर पंचविसाहून किंचित जास्त आणि एम २.५ असेल तर अठ्ठावीस. चोवीस आणि पंचवीस यांत गफलत होऊ शकते, तेव्हा पिच गेज लावून खात्री करावी.

‘सगळे आटे ६० अंशांचेच’ हे मेट्रिक आणि अमेरिकी आट्यांपुरते खरे आहे, पण जुन्या टूलरूमच्या डब्यांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) मालिकेच्या डायही सापडतात आणि त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा असतो. ६ बीए २.८ मिमीची असल्याने ती क्रमांक ४ च्या जागी सहज खपून जाते. अंशांचे विधान पुढे पाठवणाऱ्याने असा डबा कधी उघडला नसावा.

रॉड लाल करण्याचा सल्ला तर टाळलाच पाहिजे. ३०४ जातीचे स्टेनलेस आटे पाडताना त्रास देते, ते बोथट डाय कापण्याऐवजी घासत राहते आणि घासलेला पृष्ठभाग कडक होत जातो म्हणून. ओढून तयार केलेला बारीक रॉड तापवल्यावर नरम पडतो हे खरे. पण तो वाकतो, त्याची ताकद घटते आणि पेडलखाली त्याच ताकदीवर भिस्त असते. उपाय डायचा आहे: धार चांगली हवी, कटिंग ऑइल भरपूर हवे आणि हात मध्येच थांबता कामा नये. स्क्रूने उघडणारी डाय मिळाली तर पहिला फेरा किंचित उघड्या डायने घ्यावा. टोकाला आधी चॅम्फर, म्हणजे किंचित उतार, द्यावा.

व्हाइसमध्ये हाताने डाय सरळ बसणे कठीण. लेथच्या कोलेटमध्ये, म्हणजे बारीक रॉड घट्ट धरणाऱ्या चकात, आट्यांच्या लांबीपुरताच रॉड बाहेर ठेवून, समोरच्या टोकाच्या टेलस्टॉकच्या आधाराने डाय लावून चक हाताने फिरवावा. जास्त लांबी बाहेर ठेवली तर असा रॉड पिळला जातो.

राहिला नायलॉनचा नट. तो स्वतःच्या घट्टपणाने जागेवर थांबतो आणि तेच सुराच्या स्थैर्याचे कारण आहे. आटे उथळ किंवा फाटके असतील, तर नायलॉन खरवडले जाते आणि पेडल दाबताना नट घसरतो.

तरीही मेट्रिकला सरसकट नकार देणे बरोबर नाही. नट फक्त रॉडवर बसतो, वाद्याच्या अंगात नाही; त्यामुळे रॉड आणि नट दोन्ही नवे केले तर पिच बदलल्याने यंत्रणेचे काही अडत नाही. २.३८ मिमीच्या रॉडवर एम २.५ चे आटे पाडले, तर पूर्ण खोलीच्या सुमारे ७८ टक्के खोली मिळते आणि ती या कामाला पुरेशी आहे. शिवाय पिच ०.४५ मिमीची असल्याने सूर जुळवणे थोडे बारकाईने होते. नव्या नटाच्या षटकोनाचे माप जुन्याइतकेच ठेवावे, म्हणजे वादकाची नेहमीची चावी चालेल, आणि त्यात २ मिमीचे भोक पाडून आतले आटे रॉडलाच पाडू द्यावेत.