वाडा, मॅडम आणि डबल डोअर फ्रिज

वाडा दुरुस्त करायचाय असं नाशकात कोणाला नुसतं सांगून बघा, दोनच सल्ले मिळतात. एक, पाडा आणि बिल्डरला द्या. दोन, अजिबात हात लावू नका, हेरिटेज आहे ते. आणि हे दोन्ही सल्ले देणारे लोक स्वतः कॉलेज रोडला नाहीतर इंदिरानगरला फ्लॅटमध्ये सुखाने राहत असतात. वाड्यातच राहायचंय पण संडास रात्री अंगण ओलांडून जावं लागणार नाही इतका जवळ हवाय, असा मधला मार्ग कोणी सुचवत नाही, तो आमचा आम्हीच काढला आणि तिथून आमचे भोग सुरू झाले.

आमचं घर भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत. पणजोबांचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यापार, त्यामुळे पुढे पेढी, मागे संसार आणि वर माडीवर माल. रस्त्याकडून बघाल तर तोंड जेमतेम पंधरा फुटांचं, आत मात्र घर संपता संपत नाही, कारण बाजारात रस्त्यालगतची जागा तेव्हाही महागच होती. दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती, म्हणजे खिडक्या काय त्या पुढे आणि मागे, मधला सगळा उजेड-वारा चौकातून. ओटा, पेढी, तिच्या शेजारून आत जाणारा देवडीचा बोळ, मग चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परस आणि परसात आड.

आर्किटेक्ट मॅडम गंगापूर रोडच्या, वयाने आमच्या पुतणीएवढ्या. मला वाटलेलं आल्या आल्या म्हणतील की ही भिंत पाडू, ती भिंत पाडू, मस्त मोठा हॉल काढू. झालं उलटंच. पाडायला आम्ही सगळे तयार आणि बाई एकेका खांबावर हात फिरवत 'हा राहू दे ना काका' म्हणतायत. बायकोला ओपन किचन पाहिजे, चिरंजीवांना माजघरात फॉल्स सिलिंग आणि त्यात निळे एलईडी, दादाकाकांना पेढीच्या फळ्या काढून रोलिंग शटर. मॅडमनी कोणालाच नाही म्हटलं नाही, फक्त वहीत लिहून घेतलं. पुढे माझ्या लक्षात आलं की वहीत गेलेली गोष्ट परत कधी बाहेर येत नाही.

मग त्यांनी प्लॅन काढून आणला, तोही तीन रंगांत. पिवळ्यात कोणीही यावं, केशरीत ओळखीचे, लालमध्ये फक्त घरचे. अर्धा तास बाण दाखवून दाखवून समजावलं त्यांनी, की घर कसं एकेक पायरीने खासगी होत जातं वगैरे. आई निवडायची मेथी घेऊन बसली होती, मान वर न करता म्हणाली, "अगं यात रंगवायचं काय आहे? गिऱ्हाईक ओट्यावर. मोठं गिऱ्हाईक पेढीवर गादीशी. व्याही ओसरीवर. माजघराच्या उंबऱ्याच्या आत आपले." मॅडमनी तेही लिहून घेतलं. आणि गंमत म्हणजे हा नियम आम्ही कोणालाच कधी सांगितलेला नाही तरी अख्खं गाव पाळतं. कुरिअरवाला ओट्यावरून हाक मारतो, प्लंबर ओसरीपर्यंत येऊन खाकरतो, निवडणुकीतले उमेदवार हात जोडून चौकापर्यंत येतात आणि तिथूनच आईला 'माउली' म्हणून परत फिरतात.

माजघर आणि पेढीकडची बाजू यांच्यामध्ये वरच्या अंगाला एक लाकडी जाळी आहे, चिरंजीवांनी ती ओएलएक्सवर टाकायचं ठरवलं होतं. माजघरातून तिच्यातून चौकापलीकडचं पेढीचं मागचं दार सगळं दिसतं, पेढीवरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. आजीच्या काळापासून घरात चहा किती टाकायचा आणि साखर किती घालायची ते या जाळीतून ठरतं. दादाकाका म्हणाले आता सीसीटीव्ही लावू की. आई म्हणाली, लाव, पण तो मोबाईल तुम्ही पेढीवर घेऊन बसणार, मग चहा पण तुम्हीच टाका. जाळी राहिली.

मापं घेतानाचा दिवस बघण्यासारखा होता. मॅडमकडे लेझरचं यंत्र, एका भिंतीवर लाल ठिपका मारला की आकडा. माजघर या बाजूला अकरा फूट, त्या बाजूला साडेदहा. यंत्र बिघडलं म्हणून परत मारलं. तेच. आमच्या घरात एकही कोपरा काटकोनात नाही हे मिस्त्रीला नुसतं दारातून बघून कळलं होतं, पण तो बिचारा मिसळ खाऊन येतो म्हणून गेला आणि सगळं मोजून झाल्यावरच परतला.

मॉड्युलर किचनवाल्याचं त्याहून वाईट. कॅटलॉग उघडून, टाय लावून आला होता. दोन हात जाड भिंत बघून खूश झाला, म्हणाला साहेब यावर तर कितीही वजन टांगा. ड्रिल लावलं. पहिला इंचभर चुना, मग वीट, आणि मग ड्रिल एकदम आत गेलं आणि साखरेच्या पोत्याला भोक पडावं तशी पांढरी माती भुरूभुरू खाली यायला लागली, थांबेचना. त्याने बोट लावून बघितलं, मग कॅटलॉग लावून बघितला. शेवटी आईने कणकेचा गोळा दिला, त्याने बुजलं. कोटेशन त्याने ईमेलने पाठवतो म्हणून सांगितलंय.

खरा खर्च मात्र दिसणाऱ्या गोष्टींत नव्हताच. न्हाणीजवळच्या तुळईचं टोक, जे भिंतीत गेलेलं असतं, ते आतल्या आत कुजलेलं निघालं. बाहेरून साग कसा ठणठणीत, ठोकला तर वाजतो, आणि भिंतीत शिरलेला वीतभर भाग ओल खाऊन भुसा. शिवाय खालच्या भिंतींना कधीकाळी सिमेंटचा गिलावा मारलेला. मॅडम म्हणाल्या मातीच्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटने ती कोंडते. म्हणून सगळा गिलावा खरवडला आणि चौकात चुना भिजत घातला, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग थेट देवडीतून ओट्यापर्यंत. शेजारच्या काकू विचारून गेल्या, घरात काही कार्य आहे का.

चौकावर कबुतरं येऊ नयेत म्हणून दादाकाकांनी हिरवे प्लास्टिकचे पत्रे टाकले होते ते काढले तेव्हा मात्र मीही गप्प झालो. एप्रिलातली दुपार आणि देवडीतून अशी झुळूक आली की ओसरीवरचा पेपर उडाला. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि गार हवा बोळातून, परसातून ओढली जाते, इतकं साधं. एसीवाल्याला आम्ही ॲडव्हान्स देऊन बसलो होतो. कबुतरं पण परत आली हे सांगायला हवं, त्यांना आता जाळं लावलंय आणि ती जाळ्यावर बसतात.

आता फ्रिज. बायकोने सांगितलं बाकी तुमचं काय ते करा, पण डबल डोअर फ्रिज येणार. आला. मोठा दरवाजा कित्येक वर्षं उघडलेला नाही, आमची ये-जा त्यातल्या दिंडीच्या छोट्या दारातून, मान वाकवून. तेल घालून, चार माणसं लावून तो उघडला तर पुढे देवडीचं वळण. ती मुद्दाम काटकोनात वळवलेली असते, रस्त्यावरून आतलं दिसू नये म्हणून. आमची ॲक्टिव्हासुद्धा तिथे मागेपुढे केल्याशिवाय वळत नाही, फ्रिज कसला वळतोय. मग दादाकाकांनी पेढीच्या फळ्या काढायला लावल्या. पेढीच्या छतात एक चौकोनी भोक आहे, त्यावर सागवानी झाकण, वर तुळईला लोखंडी कडी आणि कप्पी. हंडे, घंगाळं, लग्नातली मोठी तपेली तिथून माडीवर चढायची. फ्रिज तसाच दोर बांधून वर घेतला, बेत असा की माडीवरून मागच्या जिन्याने खाली स्वयंपाकघरात उतरवायचा. मागचा जिना भिंतीच्या जाडीतला आहे. माणूस उतरतो, तोही तिरका. फ्रिज माडीवर राहिला.

खरं तर ते भोक बुजवायचंच ठरलं होतं. पुण्याचा चुलतभाऊ, ज्याचा घरात चार आणे हिस्सा आणि सोळा आणे मत आहे, म्हणत होता की बुजवा, वर एक खोली मोकळी होते, येत्या सिंहस्थात यात्रेकरूंना देता येईल. तेवढ्यात श्रावण लागला. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचे क्युसेकचे आकडे ग्रुपवर यायला लागले, पण आमच्या बाजारात क्युसेक कोणी बघत नाही, रामकुंडाजवळचा, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा बघतात. त्याच्या कमरेला पाणी लागलं की सगळे सावध, छातीला आलं की माल हलवायला सुरुवात. त्या दिवशी छातीच्या वर गेलं. पेढीच्या खांबावर 1969 च्या महापुराची खूण कोरलेली आहे, माझ्या डोक्याच्या वर, त्याखाली 2008 आणि 2016. दादाकाकांनी एकदा त्या खांबाकडे बघितलं, धोतर खोचलं आणि झाकण उघडलं. मिक्सर, गादी, वह्या, तांदळाचे डबे, मॅडमचे टाइल्सचे खोके, सगळं तासाभरात कप्पीने वर. पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीवरून परत गेलं ते जाऊ द्या. पण माल माडीवर का ठेवायचे आणि झाकण पेढीच्या डोक्यावरच का, हे विचारायची परत कोणाला गरज पडली नाही. चुलतभावाने ग्रुपवर फक्त अंगठा टाकला.

आता परिस्थिती अशी की फ्रिज वर, चूल खाली. बायको म्हणते स्वयंपाकघरच माडीवर न्या. आई म्हणते, मी खालीच रांधणार, ज्याला वर जेवायचं त्याने वर जावं. म्हणून दूध, दही, कोथिंबीर टोपलीतून कप्पीने पेढीत उतरते आणि तिथून पोरगा ती माजघरात पळवतो. दादाकाकांनी दोराला पितळी घंटा बांधलीय, एकदा वाजली की दूध, दोनदा वाजली की दही, आणि पेढीवर बसलेलं गिऱ्हाईक डोक्यावरून येणाऱ्या कोथिंबिरीकडे बघत बसतं. मॅडमना हे सगळं फार आवडलं, त्यांनी फोटो काढले, सुधारित प्लॅन पाठवला आणि सोबत वाढीव बिल. त्यात नवीन ओळ आहे, 'व्हर्टिकल सर्क्युलेशन डिझाइन'. काकांनी त्यावर पेन्सिलीने लिहिलंय : दोर आमचा, कप्पी पणजोबांची, पैसे कशाचे?