पवित्र लामा, खाल्लेला लामा : एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला पहिला आक्षेप असा, की दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत राज्य असलेल्या इंका लोकांना लामा (उंटाच्या कुळातला, ओझी वाहणारा प्राणी) पवित्र होता असे सांगून त्याच लेखात मी त्याचे मांस वाळवून खाल्ले जाई असेही लिहिले, आणि या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. दुसरा असा, की विणलेल्या वस्त्राला सोन्याहून वरचे स्थान होते हे विधान भाबडे असून ते केवळ स्पॅनिश पाद्रींच्या लिखाणावर उभे आहे.

पहिल्या आक्षेपामागे, मला वाटते, आपल्याकडच्या गाईचे उदाहरण आहे : जे पवित्र ते अभक्ष्य. अँडीजमध्ये हे समीकरण लागू पडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर इंकांची राजधानी कुस्को येथे होणाऱ्या सितुआ या शुद्धीच्या उत्सवात बळी दिलेल्या लामांचे रक्त मक्याच्या पिठात कालवून तो घास सूर्याशी आणि राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ म्हणून खाल्ला जाई, आणि मांसाचे लहान लहान तुकडे जमलेल्यांना वाटले जात. खाणे हाच तेथे विधी होता. बळीचा रंगही ठरलेला असे : सूर्याला पांढरा, सृष्टिकर्ता देव विराकोचाला तपकिरी, मेघगर्जनेच्या देवाला ठिपक्याठिपक्यांचा. हाच प्राणी पंचवीस-तीस किलो ओझे घेऊन घाट चढे, त्याच्या शेणावर चूल पेटे आणि मक्याच्या शेताला खत मिळे. पेरूतील हुआरोचिरी प्रांतात 1608 च्या सुमारास केचुआ या स्थानिक भाषेत लिहिल्या गेलेल्या हस्तलिखितात तर आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्याला मादी लामा मानले आहे. मध्यरात्री ती समुद्राचे पाणी पिते, ती प्यायली नाही तर जग बुडेल, अशी त्यातली समजूत. जिच्यावर जगाचा भार आहे तिच्याच जातीचे मांस घरोघरी वाळत असे, आणि यात त्या लोकांना काही खटकत असल्याचे दिसत नाही.

आता वस्त्राकडे येतो. इंका राज्यात सोने हे चलन नव्हते. ते मुख्यतः देवस्थाने, राजा आणि सरदार यांच्याकडे राही. सैनिकांना मात्र राज्याकडून वस्त्रे मिळत, जिंकलेल्या प्रदेशाच्या प्रमुखाला वस्त्राचीच भेट दिली जाई आणि उत्तम वस्त्रे देवांसाठी जाळलीही जात. इंका राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी पिझारोचा चिटणीस फ्रान्सिस्को दे हेरेस हा पाद्री नव्हता. सोन्यासाठी आलेल्या या माणसाने पेरूतील काहामार्का येथील घरांत छतापर्यंत रचलेल्या कापडाविषयी लिहिले, आणि त्याच्या साथीदारांनी हवे तितके उचलल्यावरही रास कमी झाल्यासारखी दिसली नाही, असे नोंदवले. वस्त्राची थोरवी वाढवून सांगण्यात त्याचा काही स्वार्थ होता असे मला वाटत नाही.

तरीही स्पॅनिश लेखणी पूर्णपणे बाजूला ठेवू. अर्जेंटिना आणि चिलीच्या सीमेवरील युयायाको शिखरावर, सुमारे 6,700 मीटर उंचीवर, 1999 मध्ये इंकांनी बळी दिलेली तीन मुले गोठलेल्या स्थितीत सापडली. या प्रथेतील क्रौर्य झाकण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यासोबत छोट्या मानवी मूर्ती होत्या : काही सोन्याच्या, काही चांदीच्या, काही इक्वादोरच्या उबदार समुद्रातून येणाऱ्या तांबूस काटेरी शिंपल्याच्या. हा शिंपला देवांचे अन्न मानला जाई; वर उल्लेखिलेल्या हस्तलिखितातला एक देव राजाने वाढलेले जेवण नाकारून शिंपलाच मागतो आणि कडाकडा चावून खातो. मूर्ती सोन्याची असो वा शिंपल्याची, तिला तिच्या मापाचे विणलेले कपडे नेसवलेले होते, डोक्यावर पिसांचा मुकुटही होता. नुसते सोने तेथे पुरेसे मानले गेले नाही, हे या मूर्तींवरून दिसते. माझे विधान मी मुख्यतः त्यांच्यावरच आधारले आहे.

जाता जाता आपण विचारले आहे, की कुस्को नगर प्यूमाच्या (अमेरिकेतील मार्जारकुळातल्या मोठ्या श्वापदाच्या) आकारात वसवले होते हे मी का लिहिले नाही. स्पॅनिश इतिहासलेखक हुआन दे बेतान्सोस याने 1551 मध्ये लिहिलेल्या मजकुरानुसार राजाने नगराला प्यूमाचे शरीर आणि रहिवाशांना त्याचे अवयव म्हणावे असे सांगितले. ज्या वाक्यात माणसे अवयव आहेत, त्यावरून रस्त्यांचा नकाशा काढणे मला पटत नाही, म्हणून तो दावा मी वगळला.